दुर्बीण हिची, थर्मास माझा

नाशिकच्या गंगापूर रोडवर भल्या पहाटे बाहेर पडलेली जोडपी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. दोघंही एकाच नादाने बाहेर पडलीत असं क्वचितच असतं. एकाला नाद असतो, दुसरा सोबत असतो. अशोक स्तंभाकडून निघून सोमेश्वरच्या दिशेने सायकल हाणणाऱ्या नवऱ्यामागे, स्कूटरवर केळी, पाण्याच्या बाटल्या आणि पंक्चरचं सामान घेऊन येणारी बायको मी पाहिली आहे. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी ऐन पावसात तिवई लावून पाण्याचे फोटो काढणारी एक तरुणी पाहिली आहे आणि तिच्या कॅमेऱ्यावर छत्री धरून स्वतः चिंब भिजणारा तिचा नवराही. त्याला मी विचारलं, ‘‘तुम्हीही फोटो काढता का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही हो, मला पाऊस आवडतो.’’

आमच्या घरात नाद हिला आहे. पक्ष्यांचा. मी सोबतीला असतो. छंदांविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक छंद असणाऱ्यानेच लिहिलेलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या सकाळी काय दिसतं, काय मिळतं, हे सहसा कुणी विचारत नाही. मला पुष्कळ मिळालं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

हिने बँकेतली नोकरी शेवटच्या दिवसापर्यंत केली. मुलं मोठी केली, माझ्या आईचं आजारपण काढलं. निवृत्तीच्या पैशांतून पहिली वस्तू घेतली ती दुर्बीण. ८×४२. म्हणजे आठ पटींनी मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहापटीची का नको, असं मी दुकानात विचारलं तेव्हा हिने मला समजावलं होतं: पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि नजरेत मावणारा तुकडा लहान होतो, शिवाय पहाटेच्या कमी उजेडात आठपटीची चित्र अधिक स्वच्छ देते. एवढा अभ्यास हिने कधी केला, मला कळलंच नव्हतं. बँकेच्या कामातून, स्वयंपाकातून, रात्री सगळे झोपल्यावर मारुती चितमपल्लींचं पुस्तक उघडून ती कित्येक वर्षं या दिवसाची तयारी करत होती. ती तयारी मला दिसली तेव्हा मला तिच्याविषयी जे वाटलं, ते लग्न झालं तेव्हा वाटलं होतं त्याहून मोठं होतं.

दुर्बीण आल्यावर घराचं घड्याळ बदललं. रात्रीचं जेवण आठला. दूधवाल्याला पिशवी दाराच्या कडीला अडकवायला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पूर्वी गॅस सिलिंडरची तारीख आणि दुधाचे खाडे असायचे. आता त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात ‘पावश्या, पहिल्यांदा’, ‘चातक आला’, ‘दयाळ गायला’ अशा नोंदी असतात. चातक पावसाच्या तोंडावर थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो, हे त्या चौकटीतल्या नोंदीमुळे मला कळलं. फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की सोसायटीतल्या पिंपळावर तांबटाचं टुक टुक सुरू होतं. आधी मला तो आवाज कुठल्या तरी पंपाचा वाटे. आता तो ऐकला की आमच्याकडे पन्ह्याच्या कैऱ्यांची चौकशी सुरू होते.

गंगापूर रोड हा अशा छंदाला अनुकूल रस्ता आहे. गोदावरी याच्या उजव्या हाताने, कुठे जवळून कुठे लांबून, सोबत चालते. आनंदवल्लीला नवश्या गणपतीच्या मागे नदीकाठी उतरलं की खंड्या हमखास भेटतो. रस्ता रुंद झाला तेव्हा जुने वड तोडू नयेत म्हणून शहराने मोठा वाद घातला. त्यांतले काही वड रस्त्याच्या मधोमध, अंगाला चमकत्या पट्ट्या बांधून उभे राहिले. त्याच एका झाडाच्या ढोलीत हिने पिंगळा शोधला. दोन्ही बाजूंनी गाड्या धावत होत्या आणि तो अर्धा डोळा उघडून आमच्याकडे बघत होता. ही तिथून हलायला तयार नव्हती. मागे हॉर्न वाजत होते. मी स्कूटर कडेला लावली आणि अर्धा तास रहदारीत उभा राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ‘काय झालं’ विचारलं की पिंगळा दाखवायचं काम माझं. भाजीची हातगाडी थांबली, शाळेची रिक्षा थांबली. रिक्षातल्या मुलांनी आळीपाळीने दुर्बीण डोळ्यांना लावली. त्या दिवसापासून मला माझं काम कळलं. ही पक्षी बघते, मी बघणाऱ्यांना बघतो.

पुढे रस्ता द्राक्षबागांतून धरणाकडे जातो. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागू लागली. आम्ही निघतो तेव्हा ती मंडळी गाढ झोपेत असतात, म्हणून पहाटेचा रस्ता आमचा. गंगापूर धरण मातीचं, १९६५ साली पूर्ण झालेलं; नाशिकच्या नळाला येतं ते याचंच पाणी. हिवाळा सरत जातो तसं पाणी मागे हटतं, काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलातले किडे टिपायला शेकाटे, तुतवार, धोबी उतरतात. तिथेच एका सकाळी चक्रवाकांची जोडी दिसली. केशरी अंगाची, डोकं फिकट. लडाख-तिबेटच्या पठारावर वीण करून हिवाळ्यात ते आपल्याकडे येतात आणि बहुतेक वेळा जोडीनेच दिसतात. संस्कृत कवींनी या जोडीला रात्री ताटातुटीचा शाप दिला, दोघं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालतात असं मानलं. आम्ही पाहिलेली जोडी मात्र दोन हातांच्या अंतरावर चरत होती. एक मान खाली घालून खायचा तेव्हा दुसरा मान वर करून पहारा द्यायचा, मग पाळी बदलायची. ‘‘अहो, बघा, सोबत कशी करतात,’’ ही म्हणाली आणि थर्मासचं झाकण माझ्यासमोर धरलं. मी चहा ओतला.

पण आमच्या वर्षाचा खरा सण म्हणजे नांदूरमधमेश्वर. डिसेंबर-जानेवारीत आम्ही पहाटे पाचला निघतो. शहर ओलांडून छत्रपती संभाजीनगर रस्त्याला लागायचं, ओढा मागे टाकायचं, चांदोरी मागे टाकायची. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. त्या थंडीत द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्रभर बागांत शेकोट्या पेटवतात. पहाटेच्या अंधारात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेलींखालून धूर निघत असतो. ही खिडकीची काच खाली करून कान बाहेर काढते, घुबडासाठी. मी हीटर सुरू करतो, हिच्या कानांसाठी.

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कालव्यांसाठी बंधारा घातला. पाणी अडलं, त्याबरोबर गाळही अडला. वर्षानुवर्षं साचत गेलेल्या गाळाची बेटं झाली, बेटांवर बाभळी आणि लव्हाळं उगवलं, मधे उथळ पाणी राहिलं. पाणी साठवण्यासाठी बांधलेल्या जागेत पाणी कमी मावू लागलं आणि पक्षी जास्त मावू लागले. १९८६ साली अभयारण्य झालं. २०२० साली रामसर यादीत नाव आलं, आणि महाराष्ट्रातलं ते या यादीतलं पहिलं स्थळ ठरलं. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली पाणथळ जागांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी. १,४३७ हेक्टरांची ही जागा त्यात आली तेव्हा आमच्या घरी श्रीखंड झालं होतं.

चापडगावच्या मनोऱ्यावर चढलं की आधी काहीच कळत नाही. नुसता गलका. मग उजेड वाढतो तसे आवाजांना आकार येतात. चमचे एका रांगेत चालत, चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत खाद्य गाळतात. जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटांनी जलपर्णीवरून चालतात. थापटे, तलवार बदकं, भुवई बदकं यांचे थवेच्या थवे. सैबेरिया आणि मध्य आशियातून आलेली ही मंडळी दिवसा बहुतेक झोपाच काढतात. एकाएकी सगळं पाणी उठतं. हजारो पंख. ‘‘भोवत्या!’’ ही ओरडते. दलदल भोवत्या लव्हाळ्यावरून सावकाश, पंख वर धरून तरंगत येतो आणि त्याच्या सावलीने तळं रिकामं होतं. चांदवे उडण्याऐवजी पाण्यावरून पळतच सुटतात. तो गेला की सगळे पुन्हा आपापल्या जागी. हिच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटत नाही. आम्ही इतकी वर्षं एकत्र राहिलो, पण हिचा असा चेहरा मला याच मनोऱ्यावर पहिल्यांदा दिसला.

गावातली तरुण मुलं इथे वाटाडे म्हणून काम करतात. मोठा स्कोप लावून देतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं सांगतात. त्यांच्यातल्या एकाशी हिचं चांगलं जमलं आहे. दोघं एखाद्या तपकिरी बदकाच्या मादीवरून हट्टाने वाद घालतात. पंखावरचा आरसा हिरवा की करडा, चोचीच्या बुडाशी ठिपका आहे की नाही. तेवढ्या वेळात मी खाली उतरून बांधावर जातो. तिथे उसाला पाणी देणारे एक आजोबा भेटले. त्यांनी विचारलं, ‘‘बाई सरकारी हायेत का?’’ मी सांगितलं, नाही, हौशी आहेत. ते हसले. मग म्हणाले, ‘‘त्यान्ला सांगा, ती जांभळी कोंबडी आमच्या गव्हात शिरती.’’ मी हिला खाली बोलावलं. ही त्यांच्या शेताच्या कडेला उकिडवी बसली, तुडवलेला गहू पाहिला, कोणत्या महिन्यात येतात, किती येतात, कशाने पळतात, सगळं विचारून घेतलं. त्यांनी आम्हाला उसाचं कांडं दिलं. आम्ही त्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मनोऱ्यावरून जे अभयारण्य दिसतं ते बांधावरून कुणाचं तरी पीक असतं. ही बाजू आमच्या वहीत आली ती सोबतीच्या माणसाला चहा पिता पिता गप्पा मारायची सवय आहे म्हणून.

वही माझ्याकडे असते. दुर्बीण डोळ्यांना लावलेल्या माणसाला लिहिता येत नाही. ही बोलते, मी लिहितो: वेळ, जागा, नाव, संख्या. घरी आल्यावर ही ते ई-बर्डवर भरते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेली ही नोंदवही आता जगभरचे हौशी लोक भरतात. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, तो सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा होता. ९४२ जातींचा त्यात आढावा होता आणि त्यांतल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असा निष्कर्ष. त्यातल्या कितीतरी नोंदींमागे कुणीतरी गाडी चालवली असेल, कुणीतरी डबा भरला असेल, कुणीतरी ‘अजून दहा मिनिटं’ ऐकून दीड तास थांबलं असेल.

अशी माणसं शोधायला मला दूर जावं लागलं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्याचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकल्यावर ते नाशिकला आले, इथेच त्यांनी ‘लंकादहन’सारखे चित्रपट केले, आणि १९४४ साली इथेच त्यांचं निधन झालं. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, मग सिनेमा: त्यांचे नाद एकापाठोपाठ एक. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवून, थोडं थोडं चित्रित करत त्यांनी अंकुर वाढताना दाखवला, तेव्हा ती कुंडी घरातच होती आणि घर सरस्वतीबाईंचं होतं. या बाईंनी दागिने दिले. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडली, फिल्म धुण्याची रसायनं कालवली, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडला, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. उन्हात चादर धरून उभं राहण्याचा विचार मी पुष्कळदा करतो. चित्रात त्या कुठेच नाहीत, पण चित्रातला उजेड त्यांनी धरलेला आहे.

दुसरी जोडी सलीम अली आणि तेहमिना यांची. १९१८ साली लग्न झालं. पुढे नोकरी नव्हती तेव्हा दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेली आणि १९३० च्या पावसाळ्यात सलीम अलींनी तिथे सुगरणींचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. नर अर्धवट खोपा विणतो. मादी येऊन आतून-बाहेरून तपासते. पसंत पडला तरच मुक्काम करते, आणि मग नर तो पुरा करतो. हैदराबाद संस्थानातल्या, त्रावणकोरमधल्या पाहणीत तेहमिना बरोबर होत्या, तंबूत राहिल्या. त्यांचं इंग्रजी उत्तम, नवऱ्याचं लिखाण त्या सुधारून देत. १९३९ साली त्या गेल्या आणि १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं सलीम अलींचं पुस्तक आलं. आमच्या घरी त्याची प्रत आहे. ही ते उघडते तेव्हा पक्षी शोधते; मी ते उघडतो तेव्हा मला त्यातल्या गोळीबंद वाक्यांत तेहमिनांचा कान ऐकू येतो.

या दोन्ही घरांत नाद नवऱ्यांचा आणि सोबत बायकांची. माझ्या आईच्या पिढीत तर याखेरीज काही शक्यच नव्हतं. आईला रांगोळी येत होती, भरतकाम येत होतं. पण पहाटे उठून एकटीने नदीवर जाऊन पाखरं बघण्याइतका मोकळा वेळ तिच्या आयुष्यात कधी आला नाही. म्हणून आमच्या घरी हे उलटं झालं आहे याचं मला मोल वाटतं. थर्मास भरायला मला मनापासून आवडतं. चहा कसा करायचा हे मी शिकलो: आलं जास्त, साखर कमी, दूध आधी चांगलं उकळून. दशम्याही जमतात आता.

नादाला सुट्टी नसते. गंगापूर रोडवर लॉन्सची कमतरता नाही आणि लग्नसराईत आमंत्रणांचीही. एका लग्नात, मंगलाष्टकं सुरू असताना, ही अक्षता मुठीत धरून मंडपाच्या कडेच्या अशोकाकडे बघत होती. शिक्रा होता. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता पडल्या त्या पुढच्या रांगेतल्या काकांच्या डोक्यावर. येवल्याजवळ ममदापूरला काळवीट बघायला गेलो तेव्हा माळावर माळटिटव्या दिसल्या, आणि ही येवल्यात जाऊन पैठणीचं दुकान न चढता परत आली. हिच्या बहिणीने ती गोष्ट अजून सांगायची सोडलेली नाही. गोव्याला सगळं कुटुंब समुद्रावर गेलं आणि आम्ही दोघं रायबंदरहून फेरीने चोडणला, सलीम अलींच्याच नावाच्या अभयारण्यात. खारफुटीच्या मुळांत निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या. पक्षी थोडेच दिसले. पण फेरीतून परतताना हिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली, आणि पलीकडच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या कोळणीने मला खूण करून सांगितलं, हलू नका.

अंजनेरीची सहल मात्र वेगळी. तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने देशभरची गिधाडं मारली. २००६ साली त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, तोवर फार थोडी उरली होती. कड्याच्या वर, उन्हात, एक गिधाड पंख न हलवता वर चढत गेलं. ही दुर्बीण लावून रडत होती. मी तिला काही विचारलं नाही. नंतर तिने दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, ‘‘तुम्हीच बघा आता, मला दिसत नाहीये.’’ तेव्हा मी पहिल्यांदा एका पक्ष्याला पुरा वेळ दिला, तो दिसेनासा होईपर्यंत.

आता दिवाळी. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सलीम अलींचा. काही वर्षी नेमके फराळाचे दिवस आणि हा आठवडा एकमेकांत मिसळतात आणि आमच्या घरी वाटाघाटी होतात. चकल्या आधी तळायच्या ठरतं, चिवडा मी करतो. नरक चतुर्दशीची पहाट हिला फार आवडते, कारण वर्षातून त्या एकाच दिवशी सगळं घर हिच्याआधी उठलेलं असतं. सगळ्यांना उटणं लावून, आंघोळी उरकून, फटाके सुरू व्हायच्या आत आम्ही धरणावर पोचतो. डब्यात करंज्या. काठावर तुतवार परतलेले असतात.

पाडव्याला ओवाळणीत काय हवं, असं मी यंदा विचारलं. स्कोपसाठी भक्कम तिवई हवी म्हणाली, जुनी वाऱ्यात हलते. मी आणून ठेवली आहे. साडेतीन किलोची आहे, पण ती उचलणार मीच, तेव्हा वजनाचा प्रश्न नाही.